कॉलेज स्कोअरकार्ड वापरून पाहिलं: न्यूक्लियर इंजिनिअरिंगचा पगार कुणाचा, कर्ज कुणाचं?

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने सप्टेंबर २०१५ मध्ये कॉलेज स्कोअरकार्ड नावाची सेवा नव्या रूपात आणली. कुठल्या कॉलेजातून कुठला विषय घेतलेली मुलं पुढे किती कमावतात आणि किती कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडतात, हे ती दाखवते. पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही आणि मोबाइल नंबर द्यावा लागत नाही. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्या इंदुरातल्या परदेशी शिक्षणाच्या एका सल्ला केंद्रात नंबर दिल्यापासून माझ्या बहिणीला आजही दुपारच्या झोपेत फोन येतात.

मी सरकारी बँकेतून निवृत्त झाले. नोकरीची बरीच वर्षं कर्ज विभागात गेली आणि त्यात शैक्षणिक कर्जाच्या फायली पुष्कळ हाताळल्या. म्हणून घरात कुणाचं परदेशी जायचं निघालं की कागद माझ्याकडे येतात. या वेळी भाच्याचे आले. तो मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला अणुऊर्जेतच काम करायचं आहे. ही हौस कालपरवाची नाही. राजेंद्रनगरच्या पुढे कॅट आहे. कागदोपत्री ते राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, पण इंदुरात त्याला कॅटच म्हणतात. शाळेत असताना तो तिथलं इंडस सिंक्रोट्रॉन, म्हणजे कणांना वेग देणारं मोठं यंत्र, बघून आला आणि तेव्हापासून त्याच्या बोलण्यात दुसरा विषय नाही. अशा मुलाला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण ताई-भाऊजींचं सुदामानगरचं घर तारण ठेवायचं असेल, तर आकडे तपासल्याशिवाय हो म्हणायलाही रेटत नाही.

सल्ला केंद्रात त्यांना एकच आकडा ठळक करून दाखवला होता: अमेरिकेत न्यूक्लियर इंजिनिअरचा मध्यम पगार वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी. आकडा खोटा नाही. अमेरिकेचं कामगार सांख्यिकी खातं असाच काहीसा आकडा देतं. पण तो त्या व्यवसायातल्या सगळ्या लोकांचा आहे. काल लागलेला मुलगा त्यात आहे आणि तीस वर्षं अणुभट्टीवर घालवलेला माणूसही आहे. कर्जाचा पहिला हप्ता नोकरी लागल्यावर थोड्याच दिवसांत येतो, तो तीस वर्षांच्या अनुभवाच्या पगारातून भरायचा नसतो.

स्कोअरकार्डचं पहिलं मोठं काम हेच आहे. शोधताना विषय निवडायचा, पदवीची पातळी निवडायची (बॅचलर्स, मास्टर्स, डॉक्टरेट), आणि मग त्या विषयाचा त्या-त्या विद्यापीठातला आकडा समोर येतो: पदवी घेऊन चार-पाच वर्षं झालेल्या मुलांची मध्यम कमाई. न्यूक्लियर इंजिनिअरिंग टाकलं की टेक्सास ए अँड एम, पेन स्टेट, नॉर्थ कॅरोलिना स्टेट, मिशिगन, टेनेसी अशी या विषयातली जुनी नावं येतात. शेजारी कर्जाचा मध्यम आकडा आणि महिन्याचा हप्ता असतो. पगार आणि कर्ज एका ओळीत शेजारी-शेजारी! बँकेत असताना मला हे हवं होतं आणि कधीच मिळालं नाही.

हे आकडे कॉलेजने दिलेले नाहीत, हे नीट समजून घ्या. कमाईचा आकडा सरकारच्या कर नोंदींमधून येतो. आपल्याकडे एनआयआरएफ, म्हणजे सरकारची कॉलेजांची क्रमवारी, आहे, योगायोगाने तेही सप्टेंबर २०१५ मधलंच. त्यातही नोकरी लागलेल्या मुलांचा मध्यम पगार कॉलेजवार मिळतो, पण तो कॉलेज स्वतः भरून देतं, आणि मेकॅनिकलचा किती, सिव्हिलचा किती हे त्यातून कळत नाही. कर्जाचं तर नावच नाही. मी एनआयआरएफला नावं ठेवत नाही, काही नसण्यापेक्षा ते फार चांगलं आहे. पण प्राप्तिकर खात्याकडे पगार आहेत, सरकारच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर शैक्षणिक कर्जाचे अर्ज आहेत, बँकांकडे हप्त्यांच्या नोंदी आहेत. नावं झाकून या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या तर किती घरं वाचतील! मी माझ्या टेबलावर बापाची सही घेताना त्याला सांगू शकत नव्हते की या कॉलेजच्या या शाखेतली मुलं हा हप्ता फेडू शकतात की नाही. मला स्वतःलाच माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या बापाला ते घरबसल्या कळतं, याचा मला मनापासून हेवा वाटला.

आता कर्जाच्या आकड्याकडे येते, कारण माझं आयुष्य त्यात गेलं आहे. स्कोअरकार्डवर विद्यापीठं बदलत गेलात की पगार वरखाली होताना दिसतो, पण बॅचलर्सचं कर्ज बहुतेक ठिकाणी एका ठरावीक पट्ट्याच्या वर जात नाही. भाचा म्हणाला, "मावशी, म्हणजे कुठेही शिकलं तरी कर्ज जवळपास सारखंच." तसं नाही. तिथे दिसणारं कर्ज फक्त सरकारी विद्यार्थी कर्ज आहे, आणि त्या कर्जाला कायद्याने मर्यादा आहे. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दरवर्षी ७,५०० डॉलर. चार वर्षांची बेरीज २७,००० होते, आणि पदवी कितीही लांबली तरी एकूण ३१,००० च्या पुढे जाता येत नाही. म्हणजे तो आकडा शिक्षणाचा खर्च सांगत नाही, सरकारी कर्जाची मर्यादा सांगतो. खासगी बँकेचं कर्ज त्यात नाही. आईवडिलांनी आपल्या नावावर काढलेलं कर्जही या आकड्यात मिसळलेलं नाही, ते वेगळं मोजतात. फायलीत मुलाचं एक कर्ज दिसावं आणि बापाचं दुसऱ्या बँकेतलं दिसू नये, तर आम्ही ती फाइल परत पाठवायचो.

हिशेब करून बघा. २७,००० डॉलर, २०२३-२४ चा सरकारी व्याजदर ५.५ टक्के, दहा वर्षांची फेड. महिन्याचा हप्ता साधारण २९३ डॉलर येतो. इंजिनिअरच्या तिकडच्या पगारात ही रक्कम जाणवायचीही नाही. स्कोअरकार्डवरची न्यूक्लियरची ओळ म्हणून इतकी सुंदर दिसते: वर मोठा पगार, खाली चिमुकला हप्ता. तिथल्या मुलाच्या दृष्टीने ते चित्र बरंचसं खरंही आहे.

आपल्या मुलाच्या दृष्टीने नाही. आणि या परीक्षणात मला सगळ्यात जोर देऊन सांगायचं आहे ते हेच: आपल्याकडून विद्यार्थी व्हिसावर गेलेला एकही मुलगा या आकड्यांत नाही. कमाई मोजतात ती सरकारी शैक्षणिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची, आणि ती मदत विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी मुलाला मिळत नाही. त्याचं कर्ज त्यात नाही, पगार नाही, परत यावं लागलं तर तेही नाही. पानाच्या तळाशी आणि माहितीच्या खुणांवर बोट ठेवलं की कुणाला मोजलं आहे ते लिहिलेलं सापडतं, लपवलेलं काही नाही. पण आपल्यासारखा माणूस ओळ वाचतो आणि मुलाचा चेहरा तिथे बसवतो.

बाकीच्या बऱ्याच विषयांत एवढ्याने फार बिघडत नसेल. न्यूक्लियरमध्ये बिघडतं, कारण या विषयात पगार नागरिकत्वाला बांधलेला आहे. अमेरिकेत या पदवीची मुलं जातात कुठे? नौदलाच्या अणुपाणबुड्यांचं काम, तिथे नागरिकच लागतो. ओक रिज, लॉस अलामोस, आयडाहो अशा राष्ट्रीय प्रयोगशाळा. त्यांतल्या गोपनीय कामाचा सुरक्षा परवाना नागरिकालाच मिळतो. राहिल्या रिअॅक्टरचा आराखडा करणाऱ्या आणि बांधणाऱ्या कंपन्या. तिथे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा भाग ८१० हा नियम आडवा येतो. त्यात देशांची एक यादी आहे आणि त्या देशांना तंत्रज्ञान द्यायला सरसकट परवानगी आहे. भारत त्या यादीत नाही. अमेरिकेतल्याच कार्यालयात बसलेल्या भारतीय नागरिकाला रिअॅक्टरचं संरक्षित तंत्रज्ञान दाखवणं हेही भारताला तंत्रज्ञान दिल्यासारखं धरलं जातं, आणि त्यासाठी कंपनीला खास मंजुरी घ्यावी लागते. अशी मंजुरी मिळतच नाही असं नाही. मार्च २०२५ मध्ये होल्टेक कंपनीला तिच्या छोट्या रिअॅक्टरचं तंत्रज्ञान भारतातल्या तीन कंपन्यांना द्यायची परवानगी मिळाली, ती याच नियमाखाली. चालू वीजकेंद्रात नोकरी लागली तर नियमात थोडी मोकळीकही आहे. पण हातात तीन वर्षांची कामाची मुभा (एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी म्हणून आणखी दोन) घेऊन आलेल्या ताज्या पदवीधरासाठी किती कंपन्या हे कागद करत बसतील?

भाचा हे ऐकून बराच वेळ काही बोलला नाही. मला वाईट वाटलं, पण हे त्याला तिथे जाऊन, दुसऱ्या सहामाहीची फी भरल्यावर कळण्यापेक्षा आमच्या बैठकीत कळलेलं बरं.

सेवेच्या आणखी दोन उणिवा याच विषयात जास्त जाणवतात. एक म्हणजे जी मुलं अजून शिकत आहेत त्यांची कमाई मोजत नाहीत. ते बरोबरच आहे, पण न्यूक्लियरमध्ये पीएचडीला जाणारी हुशार मुलं पुष्कळ, त्यामुळे बॅचलर्सच्या ओळीत लवकर नोकरी धरलेलीच मुलं उरतात. दुसरी म्हणजे वर्ग लहान. जिथे मुलं फार थोडी असतात तिथे कुणा एकाचा पगार ओळखू येऊ नये म्हणून आकडा झाकतात. कारण योग्य आहे, मी बँकेत असते तर मीही तेच केलं असतं, पण लहान विभागांच्या जागी नुसतं 'माहिती उपलब्ध नाही' दिसतं आणि तुलना मोठ्या विद्यापीठांपुरतीच राहते. मास्टर्सला, म्हणजे आपली मुलं जिथे जातात तिथे, ही अडचण वाढते.

चालवायला सोपं आहे. फोनवर नीट दिसतं, निवडलेली कॉलेजं शेजारी ठेवून तुलना करता येते, आणि सगळा मूळ विदा (डेटा) उतरवूनही घेता येतो. भाच्याने तो उतरवला, मी छापील कागदावर खुणा केल्या.

मग आम्ही आमचा हिशेब मांडला, कारण स्कोअरकार्ड तो मांडून देत नाही. दोन वर्षांचं मास्टर्स, फी आणि राहणं धरून कर्ज ५० लाख समजा. परदेशी शिक्षणाला बँक सहसा १५ टक्के मार्जिन मागते, म्हणजे तेवढा भाग घरातून घालायचा. साडेसात लाखांच्या पुढे सरकारी बँकेत बहुधा तारण लागतं, म्हणजे घर. सहकर्जदार आईवडील. शिक्षणाचा काळ आणि वर एक वर्ष हप्त्याला सवलत असते, पण व्याज थांबत नाही, रक्कम मिळेल तसं ते चढत जातं. साडेदहा टक्के दराने दहा वर्षांत फेडायचं तर ५० लाखांवर महिन्याला साधारण ६७,५०० रुपये होतात, तेही चढलेलं व्याज न धरता. पंधरा वर्षं घेतली तर ५५,००० च्या वर. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते, पण फक्त जुन्या कररचनेत आणि आठच वर्षं. डॉलरमध्ये पगार असेल तर हा हप्ता निघतो. डॉलर ९० रुपयांचा धरला तर साडेसातशे डॉलर होतात, म्हणजे तिथल्या मुलाच्या हप्त्याच्या अडीच पट, पण निघतो. रुपयात पगार असेल तर?

तर हे बघा. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून चालू आहे, आणि तिची एक शाखा इथे कॅटमध्येच आहे, भाच्याच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या अंतरावर. इंजिनिअरिंगची पदवी झाली की गेट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर किंवा त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून मुलाखतीला बोलावतात. निवड झाली तर वर्षभर शिकवतात, फी घेत नाहीत, उलट विद्यावेतन देतात. वर्ष नीट पार पडलं की वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक, मूळ वेतन ५६,१०० आणि वर भत्ते. बदल्यात तीन वर्षं नोकरी करण्याचं हमीपत्र. मास्टर्स करायचं असेल तर अणुऊर्जा खातं निवडक संस्थांत एमटेकचा खर्च उचलतं, तीही योजना याच दारातून जाते. कर्ज शून्य.

जागा थोड्या आणि स्पर्धा कडक, हे मला माहीत आहे. पण एक गोष्ट कुणी सल्लागार सांगत नाही. या प्रवेशाला खुल्या गटासाठी वयाची मर्यादा २६ आहे. बाविसाव्या वर्षी पदवी, चोविसाव्या वर्षी अमेरिकेतलं मास्टर्स, पुढे तीन वर्षं कामाची मुभा: मुलगा सत्ताविसाव्या वर्षी परत आला तर हे दार बंद झालेलं असतं. आणि बाहेर ५० लाखांच्या कर्जाचा दहा वर्षांचा हप्ता सुरू झालेला असतो, जो त्या ५६,१०० च्या मूळ वेतनापेक्षाही मोठा आहे. क्रम उलटा ठेवला तर मात्र काही बंद होत नाही. आधी इथे प्रयत्न, मग तिकडे.

पुढचा काळ या क्षेत्राला चांगला दिसतो आहे, तेही मी भाऊजींना सांगितलं, कारण त्यांना हा विषयच बुडीत वाटत होता. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज हे उद्दिष्ट ठेवलं आणि छोट्या रिअॅक्टरसाठी २०,००० कोटी. गुजरातेत काकरापारला ७०० मेगावॉटचे दोन देशी रिअॅक्टर चालू झालेले आहेत. मुलाने चुकीचा विषय निवडलेला नाही. कुणाच्या पैशाने शिकायचं, एवढाच प्रश्न होता.

तारे द्यायचे तर असे: मूल अमेरिकेचं नागरिक असेल तर या सेवेला पाचातले साडेचार, अर्धा कर्जाच्या त्या मर्यादेमुळे कापला, ती पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवी. इंदूर, देवास, उज्जैनहून जाणाऱ्या मुलासाठी तीन. तीन का? पगाराचा आकडा आपला नसला, तरी खोट्या जाहिरातीला उत्तर द्यायला तो पुरतो. सल्ला केंद्रातल्या माणसाने एका विद्यापीठाच्या नवख्या पदवीधरांचा म्हणून जो पगार सांगितला होता, तो भाच्याने त्याच्यासमोर स्कोअरकार्ड उघडून ताडून पाहिला. पदवीनंतर चार-पाच वर्षं काम केलेल्यांचा आकडाही त्याहून कमी निघाला. त्या माणसाने विषय बदलला आणि ऑस्ट्रेलियाचं माहितीपत्रक पुढे केलं.

वापरणाऱ्यांना एक विनंती. स्कोअरकार्डवरची ओळ वाचून झाली की विद्यापीठाच्या त्या विभागाला थेट पत्र लिहा. भाच्याने इंग्रजीतून चार ओळी लिहिल्या: परदेशी विद्यार्थ्याला मास्टर्सला संशोधन साहाय्यकाची जागा मिळते का, फी माफ होते का, मागच्या काही वर्षांतले तुमचे भारतीय पदवीधर आज कुठे काम करतात, आणि त्यांच्या कंपन्यांना भाग ८१० ची मंजुरी घ्यावी लागली का. ऊर्जा खात्याच्या न्यूक्लियर शिष्यवृत्त्या फक्त नागरिक आणि कायम रहिवाशांना असतात, त्यामुळे त्यांची चौकशी करण्यात वेळ घालवू नका. प्राध्यापकाच्या प्रकल्पातून मिळणारी साहाय्यकाची जागा विचारा, तिच्यात आपल्या मुलांना वाट असते.

एका विभागाचं उत्तर आलं, आणि ते प्रामाणिक होतं. मास्टर्सला आम्ही सहसा मदत देत नाही, पीएचडीला फी आणि निर्वाहाचे पैसे देतो, असं त्यांनी लिहिलं. पदवीधर कुठे आहेत त्याची नावांशिवायची यादीही पाठवली. भाच्याने मास्टर्सचे अर्ज बाजूला ठेवले आहेत. गेटचा अभ्यास चालू आहे, कॅटच्या प्रशिक्षण शाळेची जाहिरात कधी निघते यावर ताईची नजर आहे, आणि पीएचडीच्या अर्जासाठी लागणारं शिफारसपत्र तो या आठवड्यात सरांकडे मागणार आहे.